मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवायला साफ नकार दिला होता. नकार देताना भीडभाड अजिबात नाही. "तुम्ही आपली सायकलच चालवा, तब्येतीला बरी असते," असं त्यांनी एका न्यायाधीशांना तोंडावर सांगितलं होतं. ते न्यायाधीश पुढे खरोखर सायकलवरून कोर्टात जायला लागले, आणि वाटेत मास्तर दिसले की मान फिरवायचे.

त्यांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, सगळ्याच गाड्यांना असतो तसा, आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे, खास मास्तरांसाठी. या दुसऱ्या ब्रेकवर मास्तरांचा उजवा पाय कायम टपून बसलेला. कुत्रं आडवं आलं, दाब. समोरून ट्रक आला, दाब. शिकणारा नुसता शिंकला, तरी दाब. वर्षानुवर्षं दाबून दाबून त्या पायाला आता मास्तरांना विचारायचीही गरज उरली नव्हती. घरी टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की मास्तर सोफ्यावर बसल्या बसल्या ब्रेक मारायचे. चटईला त्या जागी भोक पडलं. बायकोने चटई उलटी फिरवून घातली, तर दुसऱ्या टोकालाही पडलं.

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण मास्तरांना मात्र चांगल्याच हाकत होत्या.

आता गंमत बघा. ज्या माणसाने गावभर गाड्या पळवायला लावल्या, त्याची स्वतःची एकुलती एक लेक गाडी शिकली ती दुसऱ्याच शाळेत. समोरच्या गल्लीतल्या टकल्याच्या. सुरुवातीला ती बापाकडेच बसली होती, पण एक दिवस गाडी रस्त्यातच उभी करून खाली उतरली आणि तडक टकल्याकडे जाऊन नाव घालून आली. गावात हसं झालं. मास्तरांनी लेकीला कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि तेच नको होतं.

पुढे लेक जनावरांची डॉक्टर झाली आणि नोकरी घेतली ती कुठे? तर उंच पठारावर, गुराखी आणि मेंढपाळांच्या वस्तीत, जिथे गाडी जातच नाही. डांबरी रस्ता पायथ्याशी संपतो. पुढे डोंगराच्या अंगाने जाणारी अरुंद वाट, आणि त्या वाटेवर घोडा. मास्तरांना वाटलं, पोरीने जागा मुद्दाम शोधून काढली.

तिथेच तिने लग्न केलं, आणि तिथेच तिला मुलगी झाली. बाळंतपणाला मास्तरीणबाई गेल्या. पायथ्याच्या तबेल्यात एका सकाळी घोड्यावर बसायला शिकल्या आणि दुपारी वर पोचल्यासुद्धा. मास्तर गेले नाहीत. "शाळा कशी बंद ठेवणार?" म्हणाले. मग गुडघा दुखत होता. मग गाडीचं काम निघालं. सबबींना काय तोटा?

पण एक दिवस फोनवर नातीचं तोंड दिसलं. नात उभी राहायला लागली होती. मास्तर पडद्यातून "बाळा, ए बाळा" करत होते, आणि नात टक लावून बघत होती. मग तिने फोन आईच्या हातातून ओढून घेतला, उलटा केला, आणि मागच्या बाजूला आजोबा कुठे आहेत ते शोधायला लागली. मागे काहीच नव्हतं. तिने तोंड वाकडं केलं आणि फोन टाकून दिला.

मास्तरांनी उठून माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. मग म्हणाले, "अगं, बॅगा भर."

"गुडघ्याचं काय?"

"मरू दे तो गुडघा."

पायथ्याला पोचले तेव्हा डोंगरमाथ्यावर ढग उतरायला लागले होते. तबेला चालवणारी बाई आडव्या हाडाची, मोठ्या आवाजाची होती. तिने आल्या आल्या सांगून टाकलं, "बर्फ पडला की वाट बंद. मग थेट ऋतू पालटल्यावर उघडणार. जायचं असेल तर या आठवड्यात, नाहीतर राम राम."

"म्हणजे तोवर नात पळायला लागेल," मास्तर म्हणाले.

"पळेल की. पोरं तुमच्यासाठी थांबतात होय?"

तबेलेवालीचा नियम एकच होता, पण कडक. आवाराच्या टोकाला तिने चुन्याची पांढरी रेघ मारली होती. नवख्या माणसाने घोडा एकट्याने चालवत आणायचा आणि रेघेच्या अलीकडे थांबवायचा. कुणी लगाम धरणार नाही. थांबवता आला तर वाटेला लागायचं, नाही तर घरी. वाट इतकी निमुळती की तिथे शेजारी चालून घोडा धरायला जागा नाही, त्यामुळे ज्याला थांबवता येत नाही त्याला ती वर सोडायचीच नाही. मास्तरांना हे ऐकून बरं वाटलं. त्यांच्या शाळेच्या मैदानातही अशीच पांढरी रेघ होती, आणि ती ओलांडणाऱ्याला मास्तर चारचौघांत झाडायचे.

"थांबवणं म्हणजे माझा हातखंडा," ते म्हणाले.

त्यांना दिलेली घोडी वयस्कर, तपकिरी आणि पोटाने सुटलेली होती. तिला सगळे काकू म्हणायचे. काकूचा चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं आपण दारात चपला नीट काढल्या नाहीत.

मास्तर शिष्यांना शिकवायचे की गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची आणि प्रत्येक टायरला बुटाने ठोकून बघायचं. सवय ती सवय. ते काकूभोवती फिरले आणि मागच्या खुराला बुटाने हलकेच ठोकलं. काकूने मान वळवली, मास्तरांच्या डोक्यावरची टोपी दातात धरून काढली आणि शेणात टाकली.

"अहो, ती काकू आहे, जीप नाही!" तबेलेवाली ओरडली. कुंपणापाशी बसलेल्या मास्तरीणबाईंना हसू आवरेना.

खोगिरावर चढताना मास्तरांची त्रेधातिरपीट उडाली, पण चढले एकदाचे. पाय रिकिबीत अडकवले. लगाम हातात घेतला. तबेलेवालीने समजावलं, "चालवायचं तर टाचेने जरा स्पर्श करा. थांबवायचं तर लगाम हळूच मागे घ्या आणि अंग सैल सोडा. बाकी काकूला सगळं कळतं."

काकू चालायला लागली. डुलत डुलत, बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या बाईसारखी. मास्तरांना वाटलं, अरे, हे तर सोपं आहे! रेघ जवळ आली. त्यांनी लगाम मागे घेतला, आणि काय झालं कुणास ठाऊक, काकू एकदम पळत सुटली. रेघ गेली, कुंपण गेलं, तबेलेवालीचा वाळत घातलेला परकर गेला, आणि काकू थेट गवताच्या गंजीत तोंड घालून उभी राहिली. मास्तर तिच्या मानेला मिठी मारून डोळे मिटून बसले होते.

"थांबवा म्हटलं होतं, पळवा नाही!"

"मी थांबवतच होतो!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. जितक्या जिवाच्या आकांताने मास्तर थांबवायला जावेत, तितकी काकू जोरात सुटायची. शेवटी तिने गंजीकडे जायचा रस्ताच पाठ करून टाकला. तबेलेवालीची खात्री झाली की म्हाताऱ्याला वेगाचा नाद आहे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, खरं सांगा, तुम्हाला मजा येते ना यात?"

मास्तरांच्या तोंडाला फेस आला होता. काकूच्या नव्हता.

सगळ्यात लागली ती मास्तरीणबाईंची गोष्ट. त्या सहज म्हणून दुसऱ्या घोड्यावर बसल्या, गप्पा मारत मारत रेघेपाशी आल्या, थांबल्या, आणि वरूनच म्हणाल्या, "अहो, चहा घेणार का?" आयुष्यभर लोकांना नापास करणारा माणूस स्वतः नापास होऊन कुंपणाला टेकला. वर बघितलं तर ढग आणखी खाली आले होते. यावेळीही जाणं राहणार, असं त्यांच्या मनात आलं. नात पुन्हा फोन उलटा करून बघणार, आणि पुन्हा मागे कुणी नसणार.

दुसऱ्या दिवशी लेक स्वतःच खाली आली. आईबापाला न्यायला. चिखलाने भरलेले बूट, केसांत गवताच्या काड्या, आणि घोड्यावरून अशी उतरली जशी आपण पलंगावरून उतरतो. मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. लेकीला सगळं आधीच कळलं होतं. आई कशाला आहे?

"बाबा, एकदा चालवून दाखवा बघू."

"काही दाखवायचं नाही. ही घोडीच बिघडलेली आहे."

"दाखवा तर."

मास्तर निघाले. काकू डुलत आली, रेघ आली, मास्तरांनी दात आवळले, आणि काकू सुटली गंजीकडे. मागे वळून बघतात तो लेक कुंपणाला धरून खाली बसलेली. आधी त्यांना वाटलं, पोरीला चक्कर आली की काय. पण ती हसत होती. हसून हसून डोळ्यांतून पाणी.

"आई, अगं आई! बाबा ब्रेक मारतायत!"

"कसला ब्रेक?" तबेलेवालीला काही कळेना.

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! चटई!"

"मी? छे! उगाच काहीतरी," मास्तर म्हणाले.

"खाली बघा. उजवा पाय बघा तुमचा."

मास्तरांनी खाली बघितलं. उजवा पाय रिकिबीत खालपर्यंत दाबलेला, ताठ, आणि त्या दाबाने टाच काकूच्या बरगडीत रुतलेली. भीती वाटली की पाय दाबला जायचा, पाय दाबला की टाच लागायची, आणि काकू बिचारी शहाण्यासारखी पळायची. तिला तर पळ म्हणूनच सांगितलं जात होतं! मास्तरांनी पाय उचलला. काकूने गवत चघळत कान हलवला, एवढंच.

"काकू, माफ कर गं बाई," ते पुटपुटले.

मग लेक काकूला पाण्यावर घेऊन गेली आणि मास्तर मागे मागे गेले. हौदापाशी दोघंच होती. मास्तरांनी बराच वेळ काकूची मान थोपटली. शेवटी विचारलंच, "म्हणून त्या टकल्याकडे गेलीस तू?"

"हो."

"पायामुळे?"

"बाबा, तुमच्याबरोबर गाडी कधी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलीच नाही. मी जरा वेग घेतला की तुमचा पाय. मला वाटायचं, मी इतकी वाईट चालवते? एवढा मोठा मास्तर, त्याला माझी इतकी धास्ती वाटते, म्हणजे माझ्यात काही रामच नसणार." ती काकूची आयाळ बोटांनी सोडवत होती. "टकलेसर काय करायचे माहितीये? झोपायचे. माझ्या शेजारी बसून चक्क घोरायचे. पहिल्यांदा ते घोरले ना, तेव्हा मला कळलं की मला गाडी येते."

"झोपायचा? शिकवताना झोपायचा तो?" मास्तरांमधला मास्तर आधी उसळला. मग त्यांना ऐकू आलं की लेक काय म्हणाली ते. ते हौदाच्या कठड्यावर बसले.

"तू वाईट चालवत नव्हतीस," ते म्हणाले.

"मग सांगायचं ना तसं."

"सांगायला पाहिजे होतं. अगं, बाकी सगळी लोकांची पोरं होती. तू माझी होतीस. तू गाडी सुरू केलीस की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. तुझं चुकायचं म्हणून नाही गं, मला भीती वाटायची म्हणून."

लेकीने हौदात हात बुडवला. तिने ओल्या हाताने बापाच्या गुडघ्यावर थोपटलं, जसं काकूला थोपटत होती तसंच, आणि म्हणाली, "चला, उठा. आज तुमचं पेडलच काढून टाकू."

तिने दोन्ही रिकिबी खोगिरावरून सोडवून घेतल्या. मास्तरांचे पाय दोन्ही बाजूंना लोंबकळायला लागले. दाबायला काही नाहीच! मास्तरांची पाचावर धारण बसली, पण पाय हवेत चाचपडून दमला आणि शेवटी गप्प राहिला. दुपार कलेपर्यंत लेक शेजारून चालत होती आणि एकच म्हणत होती, "सैल, बाबा, सैल." संध्याकाळी रिकिबी परत लावल्या. काकू रेघेपाशी आली. मास्तरांनी लगाम हळूच मागे घेतला, अंग सैल सोडलं, आणि काकू उभी राहिली. रेघेच्या अलीकडे. हं, तिने एकवार गंजीकडे बघितलं, पण ते तिचं तिला माहीत.

"पास!" तबेलेवाली ओरडली. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी छाती पुढे काढली आणि टोपी उचलायला गेले, तेव्हा आठवलं की ती शेणात गेली होती.

सकाळी निघाले. पुढे लेक, मध्ये मास्तर, मागे मास्तरीणबाई. ढग इतके खाली आले होते की हात वर केला तर लागतील असं वाटावं. वाट डोंगराला चिकटून वर चढत होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मास्तर दरीकडे बघतच नव्हते. पाय जरा ताठ होतोय असं दिसलं की मागून आवाज यायचा, "अहो, चटई!" आणि मास्तर पाय सैल सोडायचे.

मग ती जागा आली. कड्यावरून माती घसरून वाट आणखी निमुळती झाली होती. लेकीचा घोडा पुढे गेला, आणि त्याच्या मागच्या पायाखालची माती सुटली. खडे खडखडत दरीत गेले. घोडा मागच्या अंगाने खचला आणि लेक खोगिरावर तिरकी झाली.

मास्तरांनी ते बघितलं. आणि पाय दाबला जाणार, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाय दाबला जाण्याआधी कळलं. आत्ता दाबला तर काकू पुढे उसळणार. पुढे लेक आहे. त्यांनी झटक्यात उजवा पाय रिकिबीतून काढला आणि मोकळा सोडून दिला. ओठांवर हाक आली होती, तीही गिळली. आणि बघत राहिले. दुसरं काही करायचं नव्हतं. इतका कठीण धडा त्यांनी कुणा शिष्याला कधी दिला नव्हता.

लेकीने अंग पुढे झुकवलं, लगाम सैल सोडला आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला. घोड्याने पाय चाचपला, जागा सापडली, एक हिसका, आणि तो वर होता. ती सरळ पुढे निघून गेली. तिने मागेही बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, कारण तिला येत होतं. आणि मागे काकू जागच्या जागी उभी होती, दगडासारखी.

मग काकूनेही नाकाने ती जागा हुंगली आणि सावकाश पाय टाकत पार केली. मास्तरीणबाई आल्या. वाट रुंद झाली तिथे लेक थांबली आणि मागे वळली. तिचा चेहरा जरा पांढरा पडला होता.

"बाबा, ठीक आहात ना? मघाशी आवाजसुद्धा नाही आला तुमचा."

मास्तरांनी लगाम एका हातात घेतला. दुसऱ्या हाताने काकूच्या आयाळीतली गवताची काडी काढून टाकली.

"कधी गं?" ते म्हणाले. "मला जरा डुलकी लागली होती."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग रिकिबीबाहेर लोंबकळणारा बापाचा उजवा पाय बघून तिचा चेहरा फुलला, आणि ती घोड्यावर बसल्या बसल्याच रडली आणि हसली. मास्तरीणबाई मागून म्हणाल्या, "अगं चल पुढे, नाहीतर हे खरंच घोरायला लागतील."

पठारावर पोचले तेव्हा बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते. वाट बंद होणार होती, आणि मास्तर वरच्या बाजूला होते. आता ऋतू पालटेपर्यंत खाली जायचं नाव नाही. घराच्या दारात जावई नातीला घेऊन उभा होता. त्याने तिला खाली ठेवलं. मास्तर उंबऱ्यापाशी उभे राहिले, आणि नात त्यांच्या दिशेने निघाली, एकटीच, हात पसरून, डुगडुगत.

मध्येच ती कलंडली. "धरा, धरा!" मास्तरीणबाई ओरडल्या. मास्तर जागचे हलले नाहीत. नात धप्पकन बसली, तिने जरा विचार केला, आणि उठून पुन्हा चालायला लागली.

मास्तरांपाशी पोचल्यावर तिने वर बघितलं. ओळख पटली होती, पण खात्री नव्हती. म्हणून ती त्यांची पँट धरत धरत त्यांना वळसा घालून मागे गेली. मागे माणूस होता. पूर्ण पाठ होती, धुळीने माखलेला कोट होता, काकूचे केस चिकटलेले होते. तिने कोटाचं टोक ओढून बघितलं, मग समाधानाने पुढे आली आणि मास्तरांच्या उजव्या बुटावर ऐसपैस बसली.

"आता दाबा बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

चहा झाला तरी मास्तर तसेच दारात उभे होते, कारण पाय हलवला असता तर ती उठली असती.